दारातली चालू गाडी

बसूअण्णा आलेत हे मला कळायच्या आधी माझ्या डंकाच्या पत्र्याला कळायचं. मिरच्या कुटायचा डंक चालवते मी, शिवाजी पेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत. गल्लीच्या तोंडाला अण्णांची पिकअप वळली की वरचा पत्रा थरथरायचा, पोत्यावर झोपलेलं मांजर उठून जायचं आणि मग हाक यायची, "अक्का, हाय काय?" आता मी कुठं जाणार? चटणीच्या दिवसांत डंकवालीला मरायला सवड नसते. मी "हाय की" म्हणायचे, तोंडावरचा पदर सोडून दारात यायचे, आणि अण्णा खिडकीत कोपर टेकवून गप्पांना सुरुवात करायचे. इंजिन चालूच. धडधड, धडधड. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, पंचगंगेला पाणी किती, तालमीच्या फुटबॉल टीमनं परवा कशी माती खाल्ली, सगळं त्या धडधडीच्या वर आवाज काढून. मी म्हणायचे, "अण्णा, बंद करा की ती." ते म्हणायचे, "निघालोच की अक्का." आणि अर्धा अर्धा तास हलायचे नाहीत.

माझं तोंड जरा फटकळच आहे. मिरचीच्या धंद्यात गोड बोलून भागत नाही. एकदा मी त्यांना सरळ म्हटलं, की माझ्या डंकाचा आवाज काय कमी पडतोय म्हणून तुम्ही तुमचा घेऊन येता? ते हसले. रागावणं हा प्रकार त्या माणसात नव्हताच. फार झालं तर "होगली बिडरी" म्हणायचे, म्हणजे जाऊ द्या, सोडा. मूळचे कुरुंदवाडचे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच जोरात बोललेल्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर एक टॉवेल, ज्याला साबणाचा आणि डिझेलचा वास एकदमच यायचा. पूर्ण नाव बसगोंडा, पण ते फक्त त्यांच्या लायसनवर.

धंदा म्हणाल तर पेठेतनं कुरुंदवाडला माल न्यायचा आणि तिकडचा इकडं आणायचा. जाताना माझ्या चटणीचे डबे, कापडाचे गठ्ठे, शिरोलीतनं फौंड्रीचे सुटे भाग. येताना कृष्णाकाठची वांगी, नाहीतर कुणाच्या सासरचं कुणाच्या माहेरी पाठवलेलं काहीतरी. वाटेत ओळखीचं दार दिसलं की गाडी थांबली. आणि अण्णांच्या ओळखीचं नाही असं दार त्या रस्त्यावर मी तरी पाहिलं नाही. गाडी जुनीपुराणी, रंग मूळचा पांढरा होता असं ते सांगायचे. मागच्या फाळक्यावर त्यांनी स्वतः लिहवून घेतलं होतं, 'पावणं, दमानं'. खरं म्हणजे ते मागच्यांना सांगायची गरज नव्हती, कारण अण्णांच्या मागं जो अडकला तो आपोआप दमानंच जायचा.

त्यांची एकुलती मुलगी गिरिजा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मालाच्या तपासणीवर आहे. पोरगी हुशार, आणि बापावर जीव टाकणारी. पण तपासणीची सवय लागली की माणूस घरीही तपासायला लागतो. तिनं एक दिवस टाकी फुल्ल केली, कुरुंदवाडची फेरी झाल्यावर पुन्हा फुल्ल केली आणि बापाला सांगितलं की गाडी लिटरला आठाचं ॲव्हरेज देते. अशा गाडीला बारा तरी पाहिजे. कमाई सगळी हिच्याच पोटात चाललीय. खंडेनवमीपर्यंत बारावर आली तर ठेवायची, नाहीतर विकायची. नंतर अप्पांनी, बापाला ती अप्पा म्हणते, घरी आरामात बसावं, ती आहे की कमावती.

त्या दिवशी अण्णा माझ्या दारात आले ते हाक न मारता. इंजिन चालू, पण बोलणं बंद. मीच विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मग स्टिअरिंगवरनं हात फिरवत म्हणाले, "खंडेनवमीला हत्याराची पूजा करत्यात अक्का. हितं हत्यारच इकायचं म्हणतीया. गाडी गेली तर मी माणसातनं उठलो की."

मला तेव्हा त्या चेहऱ्याकडं बघवलं नाही. आरामात बसलेले बसूअण्णा ही कल्पनाच मला करता येईना. मी म्हटलं, तुम्ही कामाला लागा, बघू कशी येत नाही बारावर.

आता कोल्हापुरात एखाद्या माणसाला अडचण आली आणि ती तालमीच्या कट्ट्यावर समजली, की संपलं. प्रत्येकाकडं औषध तयार. एकानं सांगितलं, टायरमध्ये हवा कमी असते, ती बघा. हे खरंच निघालं. दुसऱ्यानं सांगितलं, टपावरचं कॅरिअर काढा, वारा धरतंय. तेही बरोबर. तिसऱ्यानं ताडपत्री आवळून बांधायला सांगितली. इथपर्यंत ठीक चाललं होतं. चौथा होता एक जुना गोलकीपर, त्यानं आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. तो म्हणाला, अण्णा, स्टेपनी आणि जॅक कशाला वागवताय? नुसतं वजन. पंक्चर काय रोज होतंय?

अण्णांनी स्टेपनी आणि जॅक दोन्ही माझ्या डंकात आणून ठेवलं. त्याच दिवशी हातकणंगल्याच्या पुढं गाडी पंक्चर झाली. तीही अशा ठिकाणी की दोन्ही बाजूंना ऊस आणि माणूस नाही. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं गोलकीपरला फोन लावून दिला, आणि ज्यानं स्टेपनी काढायला लावली त्यानंच माझ्याकडनं ती उचलून, रिक्षात घालून, तिथवर नेली. अण्णा त्याच्यावर चिडले असतील असं मला वाटलं होतं. छे. येताना दोघं वांगी घेऊन आले आणि मला म्हणाले की पंक्चरच्या निमित्तानं हातकणंगल्याला दोन नवी घरं ओळखीची झाली.

मग त्यांना वजनाचा नाद लागला. गाडीत जे काही आहे ते सगळं तोलून बघायचं म्हणून एका दुपारी माझा मिरचीचा काटा अडवून बसले. सीटच्या मागनं, सीटच्या खालनं, हौद्याच्या कोपऱ्यातनं वस्तू निघत होत्या आणि मी कपाळाला हात लावत होते. मेलेली बॅटरी. नारळ. साखळदंड. बंद पडलेल्या कुठल्याशा टीमचे फुटबॉलचे बूट, पोतंभर. एक पाटा, वरवंट्यासकट. मी विचारलं, हा पाटा कुणाचा? तर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले की इचलकरंजीच्या एका बाईंचा, टाकी लावायला, म्हणजे टोचून खरखरीत करायला दिला होता, द्यायचाच राहिला. त्या बाईंनी एव्हाना मिक्सर घेतला असेल म्हटलं. तरी पुढच्या फेरीला त्यांनी तो पोचवला. बाईंनी खरंच मिक्सर घेतला होता, पण पाटा बघून त्या रडल्या म्हणे. सासूचा होता.

मेकॅनिककडं एअर फिल्टर बदलला, नोझल साफ झाले, एक ब्रेक चाकाला घासत होता तो सुटा झाला. गिरिजानं सांगितलं की क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका आणि ॲक्सिलेटर दाबत जाऊ नका. हे मात्र अण्णांनी मनावर घेतलं. मला समजावून सांगत होते, "नवी नवरी उंबऱ्यावरचं माप लवंडती न्हवं? तसा पाय लावायचा. लाथ मारली तर तांदूळ सगळ्या घरात." उतारावर गाडी न्यूट्रल करून बघितली तेव्हा मात्र गिरिजानं त्यांना असं झापलं की पुन्हा नाव काढलं नाही. डिझेल वाचवायला निघालात का जीव घालवायला, असं तिनं विचारलं. ते आपलं खाली मान घालून "व्हय, व्हय" करत होते.

एवढं सगळं करून गाडी आली दहावर. आणि दहावर अडकली. काही केलं तरी पुढं सरकेना. खंडेनवमी जवळ आली, भंगारवाला एकदा येऊन गाडीभोवती फिरून गेला. शांतव्वा, म्हणजे अण्णांची बायको, एरवी माझ्याशी तासन्‌तास बोलणारी, पण त्या दिवसांत ती आली तरी नुसती मिरच्यांची देठं खुडत बसायची. म्हणाली, रात्रीचे उठून गाडीपाशी जाऊन उभे राहतात.

शेवटी गिरिजानं सुट्टी काढली. म्हणाली, अप्पा, मी संगं येणार, कुठं जातंय ते मला बघायचंय. मलाही कुरुंदवाडला नणंदेकडं बारशाला जायचं होतं. मग काय, स्टिअरिंगला अण्णा, मध्ये गिरिजा, खिडकीला मी आणि मांडीवर बाळंतविड्याची पिशवी.

पोरगी नुसती बघत होती. शिरोलीला गाडी थांबली, एका चहाच्या गाड्यावाल्याशी बोलणं झालं. इंजिन चालू. हातकणंगल्याला त्या पंक्चरच्या दिवशी ओळख झालेल्या दोन्ही घरी थांबली. इंजिन चालू. इचलकरंजीला पाट्याच्या बाईंनी दाराबाहेर येऊन लेकीची, जावयाची, नातवाच्या दातांची हकिगत सांगितली. इंजिन चालू. प्रत्येक ठिकाणी लोक म्हणत होते, उतरा की, च्या घेऊन जावा. आणि प्रत्येक ठिकाणी अण्णा गाडीकडं हात करून म्हणत होते, "न्हाय न्हाय, गाडी चालू हाय." तेवढं ऐकलं की समोरचं माणूस आग्रह सोडायचं आणि उंबऱ्यावर टेकून निवांत बोलायला लागायचं.

पुढं रस्त्याला लागल्यावर गिरिजा म्हणाली, "अप्पा, गाडी पळताना डिझेल खातच न्हाय. दारात हुबी ऱ्हाऊन खातीया. बंद का करत न्हाईसा?"

समोर उसाची ट्रॉली चालली होती, तिच्यामागनं अण्णा माप लवंडल्यासारखा पाय ठेवून गाडी नेत होते. मग म्हणाले, "गाडी बंद केली की पावणा बसला. पावणा बसला की च्या ठेवायला लागतोय. समद्यांच्या घरात समद्या वक्ताला दूध असतंय व्हय?"

मग सांगितलं. सावकाश, रस्त्यावरची नजर न काढता. पूर्वी एका घरी गेलो होतो, म्हणाले. माल न्यायला. गाडी बंद करून आत बसलो. त्या घरची बाई 'आलेच' म्हणाली आणि वाटी घेऊन मागच्या दारानं शेजारी गेली. भिंत पातळ होती. शेजारीण काय म्हणाली ते मला ऐकू आलं. पावणं तुमच्यात आणि दूध आमच्यातनं व्हय, असं म्हणाली. बाई परत आली, हसत हसत कोरा चहा दिला, आम्ही कोराच पितो म्हणाली. "मी प्यालो. पर त्या बाईला शेजारी जायाला लागलं, ते माझ्या बुडाखालच्या पाटापायी. तवापासनं ठरिवलं. गाडी चालू ठिवायची. माणूस दारात बोलतंय बी आणि त्याला आत बी जायाला लागत न्हाय."

गिरिजानं विचारलं, कुणाचं घर?

"होगली बिडरी," अण्णा म्हणाले.

मी खिडकीतनं बाहेर बघत होते. गाडीत आम्ही तिघं होतो आणि त्यातल्या दोघांना ते घर माहीत होतं. डंक टाकला त्याचं पहिलं वर्ष होतं ते. नवरा अंथरुणाला खिळलेला, मिरच्या कुटून न्यायला गिऱ्हाईक नाही, आणि पहिला माल न्यायला आलेला माणूस म्हणून मी हौसेनं पाट टाकला होता. ती वाटी मला अजून दिसते, काठाला टवका उडालेली. शेजारणीचे शब्द मी कुणालाही सांगितले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. मला वाटलं होतं की ते त्या भिंतीच्या पलीकडंच राहिले.

तुम्हाला वाटेल मला लाज वाटली असेल. नाही वाटली. मला रडू आलं, पण ते सुखाचं. एवढी वर्षं मी ज्या धडधडीला शिव्या देत होते ती माझ्यासाठी चालू होती. नंतर माझा डंक चांगला चालला, घरात दुधाची कधी ददात पडली नाही, तरी हा माणूस आपलं डिझेल जाळून माझ्या उंबऱ्याची अब्रू राखत उभा होता. आणि नुसत्या माझ्याच नव्हे, शिरोलीपासनं कुरुंदवाडपर्यंतच्या सगळ्या उंबऱ्यांची. मी बाळंतविड्याच्या पिशवीत तोंड घालून शिंकल्यासारखं केलं. गिरिजा म्हणाली, काकू, पिशवीत पण चटणी हाय काय? मी म्हटलं, हाय की.

पण अडचण तिथंच होती. दोन दिवस अण्णांनी दारात गाडी बंद करून बघितली. झालं काय, प्रत्येक घरी पाट, प्रत्येक घरी चहा. नको म्हणायची सोय नाही, कारण गाडी बंद. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला कुरुंदवाडला पोचला, पोटात नुसता चहा घेऊन. ॲव्हरेज वाढलं, पण अण्णांना ते मानवलं नाही. म्हणाले, एका घरी बाई आत गेली ती लवकर बाहेर येईना, माझा जीव खालीवर. त्यापरीस गाडी इकलेली बरी.

हे सगळं माझ्या डंकात चाललेलं. शांतव्वा देठं खुडत ऐकत होती. वर न बघता म्हणाली, "मग तुमीच च्या घिऊन जावा की."

मग गिरिजा असं हसायला लागली की तिला मिरचीचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सीटवर, जिथं गिरिजा बसली होती तिथं, लग्नकार्यात असतो तसला मोठा थर्मास बसला. चहा शांतव्वाच्या हातचा, म्हणजे दाट दुधाचा. दार आलं की अण्णा गाडी बंद करायचे आणि लोकांनी "उतरा" म्हणायच्या आत स्वतःच सांगायचे, "कप घिऊन या, च्या मी आणलाय." पहिल्यांदा लोकांना वाटलं की अण्णांच्या डोक्यावर परिणाम झालाय. असा उलटा पाहुणचार कुणी बघितला नव्हता. आठवड्यात सवय झाली. पत्रा थरथरायला लागला की मी कपच घेऊन दारात यायचे. हातकणंगल्याच्या एका घरी तर म्हणे म्हातारी कप पालथा घालून वाटच बघत बसायची. गोलकीपर कट्ट्यावरनं सगळ्यांना सांगायला लागला की आयडिया त्याचीच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गिरिजानं टाकी फुल्ल केली, फेरी झाली, पुन्हा फुल्ल केली. बारा ओलांडून वर थोडं आलं. तिनं दोनदा भागाकार केला, बापाकडं बघितलं आणि झेंडूचा हार आणायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा झाली. बॉनेटवर एवढं हळदकुंकू की पांढरा रंग होता हे अण्णांचं म्हणणं त्या दिवशी तरी कुणाला तपासता आलं नसतं. भंगारवालाही आला होता. त्याला थर्मासमधला चहा दिला.

त्यानंतर ती गाडी बरीच धावली. मग यंदा अण्णांनी पेठेतलं भाड्याचं घर सोडून कुरुंदवाडला, आपल्या मूळच्या घरी राहायला जायचं ठरवलं. गिरिजाचं लग्न झालं होतं, तिकडचं थोडं रान पडून होतं. गाडी अर्थातच संगं.

निघायच्या दिवशी हौद्यात संसार भरलेला, पुढं शांतव्वा मांडीवर थर्मास घेऊन बसलेली. पत्रा थरथरला. मी सवयीनं कप घेऊन दारात आले. अण्णांनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, आणि खाली उतरले. चपला काढल्या. त्या पहिल्या दिवसानंतर त्यांना मी चपलेशिवाय बघितलं नव्हतं. सरळ आत येऊन मिरचीच्या पोत्याशेजारी बसले आणि म्हणाले, "थर्मास ऱ्हाऊ दे. अक्का, च्या ठेवा."

मी आत गेले. पातेल्यात आख्खी दुधाची पिशवी ओतली. पाण्याचा थेंब घातला नाही. आलं, वेलदोडा, जे हाताला लागलं ते टाकलं. बाहेर डंक बंद, गाडी बंद, गल्लीत एवढं शांत की दूध वर येतानाचा आवाज ऐकू येत होता. शांतव्वाही आत आली. आम्ही तिघांनी चहा घेतला. अण्णांनी दुसरा कप मागून घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत.

मग उठले, चपला घातल्या, गाडीत बसले. किल्लीला हात लावून थांबले आणि खिडकीतनं म्हणाले, "तवाचा कोरा बी झ्याक हुता, अक्का."

मी नुसती मान हलवली. गाडी सुरू झाली, पत्रा थरथरला, मांजर उठलं. 'पावणं, दमानं' ही अक्षरं गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथं कट्ट्यावरनं कुणीतरी हाक मारली असावी. गाडी थांबली, आणि इंजिन बंद झालेलं मला दारातनं ऐकू आलं.